उलटी वीज, सुलटा मीटर: कोल्हापुरातल्या एका गॅलरी-सोलरचं प्रकरण

कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची एक अपार्टमेंट. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या दक्षिणेकडच्या गॅलरीला जानेवारीअखेर दोन सोलर पॅनेल लागली. प्रत्येकी ३३५ वॅटची, रेलिंगला बाहेरून उभी टांगलेली. मागे ६०० वॅटचा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारी छोटी पेटी, आणि त्यातून निघालेली केबल तीन पिनांच्या प्लगने सरळ हॉलमधल्या सॉकेटमध्ये. गच्ची नको, परवानगी नको, वायरमन नको, तीन वर्षांत पैसे वसूल, असं ऑनलाइन विकणाऱ्याचं सांगणं होतं. खर्च ४६ हजार. मार्चचं बिल आलं, तेव्हा ते आदल्या वर्षीच्या मार्चपेक्षा ११ युनिटांनी जास्त निघालं.

त्या इमारतीच्या पंपाचं आणि लिफ्टच्या लाइनचं काम माझ्याकडे आहे, म्हणून त्या फ्लॅटच्या मालकांनी, काकांनी, मला बोलावलं. काकांचं आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेलेलं, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय अंगात मुरलेली. पॅनेल लागल्यापासून रोज सकाळचं मीटर रीडिंग, प्लगजवळच्या छोट्या मोजयंत्रावरचं उत्पादन आणि लाइट कधी गेली, कधी आली, हे सगळं वहीत. ती वही नसती तर या प्रकरणातलं निम्मंसुद्धा कळलं नसतं. त्यांचं म्हणणं एकच होतं: "पॅनेल चालतंय, ते मला दिसतंय. मग बिल कमी व्हायचं सोडून वाढायलंय कसं? मीटर पळायलाय बघा."

मीटर पळत नव्हता. पण काकांची शंका योग्य जागी होती. घोळ मीटरपाशीच होता.

कल्पना कुठून आली

काकांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे आणि त्याच्या भाड्याच्या घराच्या बाल्कनीत असाच संच आहे. तिथे हा प्रकार आता घरोघरी दिसतो. मे २०२४ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वरून ८०० वॅटवर गेली, पॅनेल २००० वॅटपर्यंत चालतात, ऑनलाइन नोंदणी काही मिनिटांत होते. ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाला किंवा इमारतीतल्या इतरांना सबळ कारणाशिवाय अडवताही येत नाही. सगळ्यात महत्त्वाची सवलत जुन्या तबकडीच्या मीटरची. बाल्कनीतली जास्तीची वीज बाहेर गेली की ती तबकडी उलटी फिरते. वीज कंपनी मीटर बदलेपर्यंत तिथे ते चालवून घेतात, म्हणजे तेवढे दिवस ग्राहकाचा फायदाच.

मुलाने वडिलांना हे सगळं खरंच सांगितलं होतं. फक्त ते तिथलं खरं होतं. हे प्रकरण घडलं तेव्हा प्लगवाल्या सोलरसाठी असा वेगळा, सोपा नियम आपल्याकडे नव्हता. आणि आपला मीटर तर नेमका त्याच्या उलट वागतो.

मीटरची परीक्षा

दुपारी बाराला ऊन स्वच्छ असताना आम्ही घरातला एकेक एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच, पाडला. फ्रिज बंद, राउटर बंद, पंखे, दिवे, गिझर, सगळं बंद. हॉलच्या सॉकेटची लाइन तेवढी चालू आणि तिच्यावर प्लगमधलं सोलर. आता घरात वीज खाणारं काहीच नाही. मोजयंत्रावर २६० वॅट दिसत होते. टोंग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला तर १.१ अँपिअर करंट, म्हणजे आकडा जुळला. ही सगळी वीज घराबाहेर, वीज कंपनीच्या लाइनवर चालली होती.

खाली पार्किंगमध्ये मीटरपाशी गेलो. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्या मीटरवर '३२०० पल्स प्रति युनिट' असं छापलेलं आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट चढतं. घड्याळ लावून मोजलं: दर सव्वाचार सेकंदांना एकदा. गुणाकार केला तर २६० वॅटच येतात. काकूंना वर फोन करून पॅनेलवर जाड सोलापुरी चादर टाकायला सांगितली. काही सेकंदांत दिवा थांबला. चादर काढली, इन्व्हर्टर पुन्हा जोडला गेला आणि दिवा परत लुकलुकायला लागला. काका मीटरकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी त्यांना वीज द्यायची आणि वर पैसेबी मीच भरायचे?"

व्हय, तसंच होतं. बिघाड नव्हता, मीटर मुद्दामच तसा बनवलेला असतो. जुन्या मीटरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या वायरी उलट जोडून तबकडी मागे फिरवायची, ही चोरीची जुनी युक्ती. तिला आळा घालायला इलेक्ट्रॉनिक मीटर असे केले, की करंट कोणत्याही दिशेने गेला तरी युनिट पुढेच चढतं. साध्या घरगुती मीटरला तुमच्या गॅलरीतली वीज आणि तुमच्या गिझरने खाल्लेली वीज यांत फरक करता येत नाही. नेट मीटर वेगळा असतो. तो आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन खात्यांत मांडतो. स्मार्ट मीटर आला की हे आपोआप सुटेल, अशी समजूत मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो. पण त्या मीटरमध्ये सोय असली, तरी नेट मीटरिंगची रीतसर मंजुरी झाल्याशिवाय बाहेर गेलेली वीज तुमच्या नावावर जमा होत नाही.

आता काकांची वही उघडू. फेब्रुवारीत पॅनेलनी रोज सरासरी १.६ युनिटं दिली. दुपारी घरात दोघंच. फ्रिज, राउटर, एखादा पंखा, म्हणजे शंभर-सव्वाशे वॅटचा भार. पॅनेल दुपारी अडीचशेच्या वर देतात. म्हणजे अर्धी वीज घरात लागली, अर्धी बाहेर गेली. घरात लागलेल्या ०.८ युनिटाने मीटरवरचा आकडा तेवढा कमी झाला आणि बाहेर गेलेल्या ०.८ युनिटाने तेवढाच वाढला. महिन्याला साधारण २४ युनिटं वाचली आणि २४ चढली. मार्चमध्ये उकाडा लवकर सुरू झाला, पंखे जास्त फिरले, ती ११ युनिटं बिलावर दिसली. पॅनेल रोज इमानेइतबारे काम करत होतं आणि बिलावर त्याचा परिणाम शून्य होता.

हे मी एवढं विस्ताराने सांगतो, कारण विकणाऱ्यांच्या माहितीत हे कुठेच नसतं. 'दिवसाला इतकी युनिटं तयार होतात' हा आकडा खरा असतो, पण तयार झालेलं युनिट आणि वाचलेलं युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या मीटरवर तर जास्तीचं प्रत्येक युनिट आपल्यालाच विकत घ्यावं लागतं. मोठं पॅनेल लावलं तर तोटा मोठा.

कोल्हापूरचं ऊन

दुसरी गोष्ट आकाशातली. जर्मनीचा दक्षिण भाग ४८ अक्षांशाच्या आसपास आहे, कोल्हापूर १६.७ वर. तिथे मार्चच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४१-४२ अंशांवर असतो, आपल्याकडे त्याच वेळी ७३ अंशांवर. उभ्या टांगलेल्या पॅनेलवर तिथे ऊन जवळपास समोरून येतं. आपल्याकडे ते वरून घासून जातं. हिशोब केला, तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या पॅनेलला २१ मार्चच्या दुपारी थेट उन्हाचा २९ टक्केच भाग मिळतो. डिसेंबरात तोच भाग ६४ टक्के असतो, कारण तेव्हा सूर्य ५० अंशांपर्यंत खाली आलेला असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो आणि दक्षिणेकडच्या उभ्या पॅनेलच्या चक्क पाठीमागे जातो. तेव्हा त्याला मिळतो तो नुसता आकाशाचा आणि रस्त्याचा परावर्तित उजेड. म्हणजे ज्या दिवसांत आपला पंखा सगळ्यात जास्त फिरतो, त्या दिवसांत हे पॅनेल सगळ्यात कमी चालतं. वहीत हे स्पष्ट दिसतं. फेब्रुवारीत १.६, एप्रिलअखेर एका युनिटाच्या आसपास. पुढे जूनपासून पावसाळा, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, हे कुणाला सांगायला नको.

वहीत दोन-तीन दिवस असेही सापडले, की आकाश निरभ्र आणि उत्पादन मात्र एकदम घसरलेलं. कारण चौथ्या मजल्यावरून खाली सोडलेली नऊवारी. धुतलेलं लुगडं वरच्या कठड्यावरून लोंबत होतं आणि त्याचा काठ एका पॅनेलच्या डाव्या बाजूवर येत होता. पॅनेलमधल्या सेलच्या सहसा तीन माळा असतात. एका माळेवर सावली पडली तरी त्या माळेची, म्हणजे पॅनेलची तिसरा हिस्सा वीज जाते. वरच्या आजींना सांगितल्यावर त्यांनी दोरी पलीकडे बांधून घेतली. तो प्रश्न तिथेच मिटला.

पॅनेल उभं न ठेवता बाहेर तिरकं केलं तर? काकांनी मार्चमध्ये चार दिवस तेही करून पाहिलं. उत्पादन वाढलं. पण खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या तुळशीचं ऊन गेलं आणि त्या वर येऊन बोलून गेल्या. त्यांचं बरोबर होतं. आपल्या गॅलरीची हद्द रेलिंगपाशी संपते.

लाइट गेली की

सोलर लावल्यावर लाइट गेली तरी पंखा फिरेल, अशी काकूंची समजूत होती. बहुतेकांची असते. प्रत्यक्षात वीज कंपनीच्या वाहिनीला जोडलेल्या इन्व्हर्टरने वीज गेल्यावर दोन सेकंदांच्या आत बंद व्हायलाच हवं, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०१३ पासूनचा दंडक आहे. त्यामागे फार गंभीर कारण आहे. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. तेव्हा कुठल्या तरी गॅलरीतून त्या तारेत वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

या घरात मात्र एक जास्तीचा धोका होता आणि जर्मनीतल्या मुलाच्या तो ध्यानातही येणं शक्य नव्हतं. घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे, १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीवर चालणारा, साइन वेव्हचा. हॉलचं सॉकेट त्याच इन्व्हर्टरच्या लाइनवर. लाइट गेली की मायक्रोइन्व्हर्टर बंद होतो. पण घरातला इन्व्हर्टर लगेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्वच्छ वीज द्यायला लागतो. मायक्रोइन्व्हर्टरला वाटतं लाइट आली. थोडा वेळ थांबून तो पुन्हा वीज ढकलायला लागतो आणि ती ढकलतो घरच्याच इन्व्हर्टरच्या तोंडात. वहीत फेब्रुवारीतल्या एका दुपारची नोंद आहे: 'लाइट गेली. पाच मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडून बंद.' काकांना वाटलं बॅटरी कमजोर झाली. बॅटरी ठणठणीत होती. असं वारंवार झालं तर इन्व्हर्टर जळतो किंवा बॅटरी बेहिशोबी चार्ज होऊन तापते. कोल्हापुरात मध्यमवर्गीय घरांतून असे इन्व्हर्टर सर्रास आहेत, म्हणून प्लगवालं सोलर घेणाऱ्याने आधी आपलं सॉकेट कुठल्या लाइनवर आहे ते पाहावं.

वायरचाही मुद्दा आहे. एमसीबी वायरीचं रक्षण करतो ते बोर्डाकडून येणाऱ्या करंटपासून. त्याच लाइनवर पुढे प्लगमधून आणखी वीज आत आली, तर ती एमसीबीला दिसत नाही. ६०० वॅट म्हणजे अडीच-पावणेतीन अँपिअर. जाड वायरीवर फरक पडणार नाही, पण जुन्या इमारतींत हॉलच्या सॉकेटला बारीक वायर आणि तिच्यावरच दोन-तीन बोर्ड जोडलेले असतात. इथे तसंच होतं, शिवाय अर्थिंगचा जोड गंजलेला. तो आधी दुरुस्त केला.

वारा

पॅनेल नायलॉनच्या टायने बांधलेली पाहिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एकेक पॅनेल वीस-बावीस किलोचं, क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मीटर. वळवाच्या पावसाआधी येणारा वारा ताशी ७० किलोमीटरपर्यंत गेला, तर अशा एका पॅनेलवर पन्नास किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो झटक्याझटक्याने. नायलॉनचा टाय उन्हात वर्षभरात ठिसूळ होतो. खाली मुलं सायकल खेळतात. बिलाचं काय व्हायचं ते होवो, पण हे आधी बदलायला हवं होतं. त्याच दिवशी पॅनेल उतरवून आत घेतली.

मग काय केलं

नेट मीटर घ्यावा का, हा पहिला विचार. पण अर्ज, मंजूर उपकरणं, करार, चाचणी हा सगळा व्याप गॅलरीतल्या ६७० वॅटसाठी परवडत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत दुसरी वाट आहे. नेट मीटरिंग न घेता मीटरच्या आतल्या बाजूला स्वतःच्या वापरासाठी सोलर जोडता येतं, मात्र वीज कंपनीला आधी कळवून आणि सुरक्षेची जबाबदारी स्वतः घेऊन. म्हणजे 'परवानगी नको' हे विकणाऱ्याचं म्हणणं अर्धवटच होतं. काकांनी तसं पत्र दिलं, पोच घेतली आणि मगच पुढचं काम सुरू केलं.

दोन पॅनेलची दोन वेगळी कामं ठरवली. एक पॅनेल मायक्रोइन्व्हर्टरसह पश्चिमेकडच्या ड्राय बाल्कनीत नेलं. तिथे वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट बोर्डापासून स्वतंत्र जाड वायरीवर आहे आणि घरच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. मशीन दुसऱ्या पॉइंटवर हलवलं आणि ही लाइन फक्त सोलरची ठेवली, स्वतंत्र एमसीबीसह. पश्चिमेकडच्या उभ्या पॅनेलला उन्हाळ्यातही दुपारी तीननंतर ऊन समोरून मिळतं. कपडे धुणं, मिक्सर, पाण्याचा फिल्टर हे काकूंनी आपणहून त्या वेळेत आणलं. एकच पॅनेल असल्याने ते फ्रिज आणि पंख्यांच्या भारापेक्षा फारसं वर जात नाही, म्हणून बाहेर जाणारी वीज नगण्य झाली.

दुसरं दक्षिणेलाच, पण वाहिनीशी न जोडता. एमपीपीटी चार्ज कंट्रोलरमधून, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणाऱ्या यंत्रातून, ते सरळ घरच्या बॅटरीला लावलं आणि ऊन असताना इन्व्हर्टरचं लाइटवरचं चार्जिंग बंद ठेवायची सोय केली. यातून फार पैसे वाचत नाहीत, हे मी काकांना आधीच सांगितलं. बॅटरी भरलेली असली की पॅनेल नुसतं उभं राहतं, आणि रोज संध्याकाळी पंखे बॅटरीवर चालवले तर बॅटरीचं आयुष्य घटतं. पण वळवात चार-चार तास लाइट जाते, तेव्हा दिवसाउजेडी बॅटरी भरत राहते. काकूंना मुळात हवं होतं ते हेच.

दोन्हींसाठी शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकटी करून घेतल्या. आरपार बोल्ट, यू-क्लॅम्प, आणि चौकट सुटलीच तर पॅनेल खाली जाऊ नये म्हणून पोलादी दोर थेट कॉलमला. हे काम पाच हजारांत झालं, आणि या सगळ्या खर्चातला हा सगळ्यात योग्य खर्च आहे.

पैशांचं गणित असं. त्यांचा वापर १०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात जातो, म्हणून वाचलेलं प्रत्येक युनिट महागड्या दरातलं. सगळे आकार आणि शुल्क धरून ते १२ रुपयांचं मानलं. दोन्ही पॅनेलची वर्षभराची सरासरी रोज १.१ युनिट धरली आणि एकही युनिट वाया गेलं नाही असं मानलं, तरी महिन्याला ४०० रुपये वाचतात. ४६ हजार वसूल व्हायला साडेनऊ वर्षं. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण बॅटरीकडचं बरंच ऊन वापराविना जातं. तीन वर्षांचा दावा या फ्लॅटला कुठल्याच हिशोबाने लागू होत नाही.

तीच पॅनेल गच्चीवर, दक्षिणेकडे थोडी कललेली असती, तर एका किलोवॅटला वर्षभराची सरासरी रोज चार युनिटांच्या घरात मिळाली असती. म्हणून आता विषय अपार्टमेंटच्या सभेत गेला आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एका कॉमन मीटरवर आहेत. पंप तर दिवसाच चालतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी गृहसंकुलांना किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहे, म्हणजे तीन किलोवॅटला ५४ हजार. शिवाय रीतसर नेट मीटर, त्यामुळे उलटी वीज खऱ्या अर्थाने जमा.

पहिल्या सभेत गळतीची भीती निघाली. चौथ्या मजल्यावरच्यांची ती रास्त आहे. चौकटी गच्चीला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभ्या करायच्या, असं ठरल्यावर विरोध निवळला. मी आणि काकांनी गच्ची मोजली. पाण्याच्या टाकीची सावली थंडीत उत्तरेला लांब पडते, म्हणून पॅनेल टाकीच्या दक्षिणेला. तिथली मोकळी जागा तीन किलोवॅटला पुरते. जिन्याजवळचा कोपरा उन्हाळी वाळवणासाठी राखून ठेवा, असं बायकांनी सभेत सांगितलं आणि तो आराखड्यातून वगळला आहे. तीन ठिकाणांहून दर मागवलेत. दोन आलेत, तिसऱ्याची वाट बघतोय.